हुआनाचा बाप कोण, हे कोणाला हवं होतं?

बेल्त्रान दे ला कुएव्हा हा सरदार राजकन्या हुआनाचा खरा बाप, असं निम्मं कास्टिल (आजच्या स्पेनमधलं एक राज्य) छातीठोकपणे सांगत होतं. आणि वारसायुद्ध पेटलं तेव्हा हाच बेल्त्रान हुआनाच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला. १४७५ सालची ही गोष्ट. एकीकडे तेरा वर्षांची हुआना, दुसरीकडे तिची सावत्र आत्या इसाबेल, आणि मध्ये कास्टिलची गादी. लेक राणी व्हायची वेळ आलेली असताना बाप शत्रूच्या गोटात जाऊन बसतो, हे जरा विचित्रच. त्यावरून ती त्याची मुलगी नव्हतीच, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. सरदार मंडळी पोटच्या पोरांपेक्षा जहागिरीला जास्त जपतात, हे इतिहासात इतक्यांदा दिसतं की बेल्त्रानच्या वागण्यावरून त्याचं बापपण सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही. एवढं मात्र कळतं, की ज्या आरोपापायी एका मुलीचं आयुष्य उधळलं गेलं त्याचा एकदा सोक्षमोक्ष लागावा, असं तिच्याखेरीज फारसं कोणाला वाटत नव्हतं.

इतिहासात ती 'ला बेल्त्रानेहा' म्हणून ओळखली जाते. म्हणजे 'बेल्त्रानची'. शिवीच नाव होऊन बसली आणि पाचशे वर्षं चिकटून राहिली. ती राजा एन्रिके चौथा याची मुलगी की बेल्त्रानची, यावर अजूनही लिहिलं जातं. दोन्ही बाजूंचे लोक पुरावे मांडतात, खोडतात. मला हा वाद ज्या जागी उभा केला गेला तीच जागा चुकीची वाटते. लग्नात जन्मलेलं मूल हे नवऱ्याचं मूल, हा रोमन कायद्यापासून चालत आलेला नियम तेव्हाच्या युरोपला चांगला माहीत होता. तो नियम होता म्हणूनच असले प्रश्न विचारायची गरज पडत नसे. इथे तो मुद्दाम मोडला गेला, आणि मोडणाऱ्यांना उत्तराशी काडीचं देणंघेणं नव्हतं.

आधी शंकेला जागा होती हे मान्य करू. एन्रिकेचं पहिलं लग्न १४४० साली नव्हारच्या ब्लांकाशी झालं. तेरा वर्षं मूल झालं नाही. १४५३ मध्ये ते लग्न रद्द ठरवण्यात आलं, आणि कसं, ते बघण्यासारखं आहे. सुइणींनी राणीला तपासून ती कुमारिकाच आहे अशी साक्ष दिली. मग पुढे पंचाईत अशी की राजा नपुंसक ठरला तर त्याचं दुसरं लग्न कसं व्हायचं? तेव्हा एका धर्मगुरूने सेगोव्हियातल्या काही बायकांचे जबाब घेतले. राजाचे आपल्याशी संबंध आले होते आणि त्यात काही उणं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. निकाल लागला : राजा ठणठणीत आहे, फक्त या एका बायकोच्या बाबतीत त्याच्यावर करणी झाली आहे. पोपनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. आज हसू येतं. पण याच निकालाचा पुढे दोन्हीकडून वापर झाला. निंदकांनी 'करणी'वाला अर्धा भाग उचलला, समर्थकांनी 'ठणठणीत'वाला.

१४५५ मध्ये एन्रिकेने पोर्तुगालच्या राजाची बहीण जोआना हिच्याशी लग्न केलं. पुन्हा सात वर्षं पाळणा हलला नाही. २८ फेब्रुवारी १४६२ रोजी माद्रिदला हुआना जन्मली. राजाला आणखी कुठे मूल असल्याची नोंद नाही, आणि राणीला पुढे एका वेगळ्याच पुरुषापासून दोन मुलगे झाले, याबद्दल तर वादच नाही. तेव्हा कुजबुज झाली याचं नवल नाही. दरबारात कुजबुज कशाची होत नाही?

कुजबुज आणि आरोप यांत फरक आहे, आणि तो तारखांमध्ये दिसतो. हुआनाचा बाप्तिस्मा तोलेदोचा आर्चबिशप कारिय्यो याने केला. इसाबेल तेव्हा अकरा वर्षांचीही झाली नव्हती, ती बाळाची धर्ममाता झाली. ९ मे १४६२ ला राज्यसभा भरली, आणि सरदार, धर्मगुरू, नगरांचे प्रतिनिधी या सगळ्यांनी हुआनाला वारस मानून शपथ घेतली. इसाबेल आणि तिचा धाकटा भाऊ अल्फान्सो यांनीही घेतली. दोन वर्षं सगळं सुरळीत. मग १४६४ मध्ये राजाने सान्तियागोच्या सरदारसंघाचं प्रमुखपद बेल्त्रानला दिलं. हे पद म्हणजे किल्ले, गावं, महसूल, फौज, सगळं एका हातात. व्हियेना या जहागिरीचा मार्क्विस हुआन पाचेको, जो लहानपणापासून राजाच्या सावलीसारखा वावरला होता, त्याचा या पदावर डोळा होता. त्याच वर्षी सप्टेंबरात बुर्गोसला जमलेल्या सरदारांनी जाहीरनामा काढला, आणि त्यात पहिल्यांदा उघडपणे लिहिलं, की ही मुलगी राजाची नाही हे खुद्द राजालाही ठाऊक आहे.

म्हणजे मुलगी अडीच वर्षांची होईपर्यंत कोणाच्या सदसद्विवेकाला टोचणी लागली नाही. बेल्त्रानला पद मिळालं आणि त्याच वर्षी ती लागली. राजाने घाबरून ते पद बेल्त्रानकडून काढून घेतलं आणि भरपाई म्हणून त्याला आल्बुर्केर्केचा ड्यूक केलं. (गोवा जिंकणारा आफोन्सु द आल्बुकर्क वेगळ्या, पोर्तुगीज घराण्यातला. आडनाव मात्र त्याच गावावरून आलेलं.) पण एकदा तोंडातून निघालेला आरोप काही पदाबरोबर परत जात नाही.

जून १४६५ मध्ये आव्हिलाच्या तटाबाहेर जे झालं ते राजकीय तमाशाच्या इतिहासात अव्वल म्हणावं असं. मोकळ्या मैदानात उंच मंच बांधला. त्यावर सिंहासन, सिंहासनावर एन्रिकेचा पुतळा, काळ्या सुतकी वेषात, डोक्यावर मुकुट, हातात राजदंड, कमरेला तलवार. आरोपपत्र वाचून दाखवण्यात आलं. मग एकेक जण पुढे झाला. आर्चबिशप कारिय्योने मुकुट काढला. प्लासेन्सियाच्या काउंटने तलवार काढली. बेनाव्हेन्तेच्या काउंटने राजदंड काढला. शेवटी पुतळ्याला घाणेरडी शिवी हासडून लाथेने खाली लोळवलं. आणि अकरा वर्षांच्या अल्फान्सोला त्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं.

यातली दोन माणसं लक्षात ठेवा. कारिय्यो, ज्याने हुआनाचा बाप्तिस्मा केला, तिच्या बापाचा मुकुट उतरवला आणि पुढे इसाबेलचं लग्न जमवलं, तो १४७५ मध्ये परत हुआनाच्या बाजूला आला. तलवार काढणारा प्लासेन्सियाचा काउंटही आला. त्याच्याच गावात हुआनाला राणी घोषित करण्यात आलं. उलट ज्या मेन्दोसा घराण्याने एन्रिकेच्या पडत्या काळात त्याला साथ दिली आणि लहानग्या हुआनाला आपल्या ताब्यात सांभाळलं, ते इसाबेलकडे गेलं. पाचेको तर जाहीरनाम्यापासून सुरुवात करून मरेपर्यंत हुआनाच्या गोटात पोचला होता. हुआनाचं रक्त तेच होतं. तिचा बाप बदलत होता तो प्रत्येकाच्या वतनाच्या हिशोबाने.

आता सर्वांत महत्त्वाचा कागद. अल्फान्सो १४६८ मध्ये वारला. त्याच सप्टेंबरात आव्हिलाजवळ गिसांदो इथे, रोमनांच्याही आधीपासून उभ्या असलेल्या चार दगडी बैलांपाशी, एन्रिके आणि इसाबेल यांची भेट झाली आणि राजाने बहिणीला वारस मानलं. हा करार इसाबेलच्या समर्थकांचा हुकमी एक्का. बघा, बापानेच नाकारलं! पण करारात काय लिहिलंय? राणीचं वर्तन 'गेल्या एका वर्षापासून' शुद्ध राहिलेलं नाही, आणि राजाचं तिच्याशी झालेलं लग्न कायदेशीर नव्हतं अशी माहिती मिळाली आहे. बेल्त्रानचं नाव नाही. मुलगी दुसऱ्याची, असं नाही. हुआना तेव्हा साडेसहा वर्षांची होती; तिच्या आईच्या मागच्या एका वर्षाच्या वागण्याचा तिच्या जन्माशी काय संबंध? ज्यांच्या हातात लेखणी होती, ज्यांना हवं ते लिहून घेता येत होतं, त्यांनीही व्यभिचारातून जन्म झाल्याचा आरोप कागदावर उतरवायचं टाळलं आणि लग्नाच्या वैधतेची पळवाट शोधली. सिद्ध करता येणार नाही, हे त्यांनाही कळत होतं असाच याचा अर्थ मी लावतो.

आणि ही पळवाट तरी धड होती का? एन्रिके आणि जोआना मावसभावंडं. लग्नाला पोपची परवानगी लागत होती आणि ती नीट मिळाली नव्हती, असा तो मुद्दा. ठीक. मग वर्षभराने, ऑक्टोबर १४६९ मध्ये, इसाबेलने आरागॉनच्या फर्नांडोशी लग्न केलं. त्यांचे आजोबा सख्खे भाऊ, म्हणजे इथेही पोपची परवानगी हवीच. लग्नात जे परवानगीपत्र वाचलं गेलं ते बनावट होतं, पाच वर्षांपूर्वी वारलेल्या पोपच्या नावाने तयार केलेलं. खरी परवानगी दोन वर्षांनी आली, तोवर त्यांना एक मुलगी झालेलीही होती. त्या मुलीला कोणी अनौरस म्हटलं नाही. म्हणणारे हरले.

एन्रिकेने १४७० मध्ये गिसांदोचा शब्द मागे घेतला. त्याने आणि राणीने जाहीरपणे शपथ घेऊन सांगितलं, की हुआना आपली दोघांची औरस मुलगी आहे. 'बापाची साक्ष' हा पुरावा मानायचा असेल तर ही साक्ष नंतरची आहे आणि थेट मुद्द्याला धरून आहे. राजाला कणा नव्हता, तो आज एक तर उद्या दुसरं बोलायचा, असं म्हणून दोन्ही बाद करा, हरकत नाही. पण एक घ्यायची आणि दुसरी फेकायची, हे चालणार नाही.

मग आपल्याला जे 'सर्वांना माहीत आहे' ते आलं कुठून? लिहिणाऱ्यांकडून. एन्रिकेच्या बाजूचा इतिहासकार एन्रिकेस देल कास्तियो १४६७ मध्ये सेगोव्हिया पडलं तेव्हा विरोधकांच्या हाती लागला. त्याची टिपणं जप्त झाली, जीव कसाबसा वाचला, आणि त्याला पुढे आठवणीवरून लिहावं लागलं. दुसऱ्या बाजूचा आलोन्सो दे पालेन्सिया हा एन्रिकेचा हाडवैरी आणि लेखणीने जबरदस्त. त्याचं लेखन वाचलेल्याला राजाबद्दल एकही चांगला शब्द आठवणार नाही. जिंकलेल्यांच्या पदरचे बखरकार आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे मराठी वाचकाला हे फार उलगडून सांगायला नको. गंमत म्हणजे १४९४-९५ मध्ये स्पेनमध्ये फिरलेला न्यूरेंबर्गचा डॉक्टर हिएरोनिमस म्युन्त्सर याने वेगळीच आवई टिपून ठेवली आहे : राजाचं बीज राणीपर्यंत पोचवण्यासाठी सोन्याची नळी करवून घेतली होती. ही अफवाही अश्लीलच, पण तिच्यात बाप राजाच आहे! म्हणजे लोकांच्या तोंडीही एकच गोष्ट नव्हती. उरली ती सत्तेला सोयीची.

विसाव्या शतकात विज्ञानही या वादात उतरलं. ग्रेगोरिओ मारान्योन या नामवंत डॉक्टरने एन्रिकेच्या शरीरप्रकृतीचं निदान जुन्या बखरींमधल्या वर्णनांवरून केलं होतं. १९४६ मध्ये ग्वादालुपेच्या मठात वेदीमागे एन्रिकेचे अवशेष सापडले, आणि त्यांची पाहणी करायलाही तोच गेला. हाडांवरून उंची कळते, जबडा कळतो. एका फेब्रुवारीत जन्मलेल्या मुलीचा गर्भ आदल्या उन्हाळ्यात कोणापासून राहिला, ते कळत नाही.

'पण इसाबेल कर्तबगार निघाली ना!' हा युक्तिवाद स्पेनमध्ये कायम होतो, आणि आपल्याकडची शाळेतली इसाबेला म्हणजे कोलंबसला पैसे देणारी राणी, तेव्हा आपल्यालाही तो पटकन पटतो. ती कर्तबगार होतीच. १४९२ मध्ये तिने ज्यूंना देशोधडीला लावलं, तेही त्याच कर्तबगारीच्या खात्यात लिहायचं. पण चांगला कारभार केला म्हणून मागचा दावा खरा ठरत नाही. जिंकलेल्या माणसाला त्याच्या यशावरूनच हक्क बहाल करायचा असेल, तर मग पितृत्वाचं सोंग तरी कशाला?

हुआनाने स्वतः काय मागितलं ते क्वचितच सांगितलं जातं. एन्रिके डिसेंबर १४७४ मध्ये वारला, मृत्युपत्र सापडलं नाही, आणि दोनच दिवसांत इसाबेलने सेगोव्हियात स्वतःला राणी घोषित केलं. ३० मे १४७५ रोजी प्लासेन्सियाहून हुआनाच्या नावाने जाहीरनामा निघाला. त्यात एक सूचना होती : राज्याच्या तिन्ही वर्गांनी निःपक्षपाती माणसं निवडावीत आणि राज्य कोणाचं ते न्यायाने ठरवावं. तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने हे मोठ्यांनीच लिहिलं असणार, हे मान्य. तिची बाजू घेऊन लढणारा पोर्तुगालचा राजा आफोन्सु पाचवा हा तिचा सख्खा मामा आणि ठरलेला नवरा, तेव्हा त्याचाही हेतू काही सोवळा नव्हता. तरी साक्षीपुराव्याने निकाल लावा, अशी मागणी या बाजूने आली आणि दुसऱ्या बाजूने ती कानाआड केली, हे कागदावर आहे.

तोरोची लढाई १ मार्च १४७६ ला झाली. मैदानात निकाल संदिग्धच, दोघांनीही विजयाच्या दवंड्या पिटल्या; पण त्यानंतर हुआनाचा पक्ष विरघळत गेला. ४ सप्टेंबर १४७९ ला आल्कासोव्हासचा तह झाला, आणि इथे आपला या गोष्टीशी संबंध येतो. तहात पोर्तुगालने कास्टिलच्या गादीवरचा दावा सोडला. बदल्यात कास्टिलने कॅनरी बेटांच्या दक्षिणेचा समुद्र, गिनीचा किनारा, तिथला सगळा व्यापार पोर्तुगालला मोकळा करून दिला. पुढे त्याच मोकळ्या वाटेने पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालत गेले : १४९८ ला कालिकत, १५१० ला गोवा. स्पेन आणि पोर्तुगालने नवं जग आपसांत वाटून घेतलं तो तोर्देसियासचा १४९४ चा तह सगळ्यांना पाठ असतो, पण वाटणीची पहिली रेघ एका मुलीच्या बापाच्या भांडणातून ओढली गेली. जुन्या गोव्यात गाइड चर्चची उंची सांगतात, झेवियरचं शव सांगतात; हे कोणी सांगत नाही. मी असं म्हणत नाही की हुआना राणी झाली असती तर पोर्तुगीज मांडवीत आलेच नसते. पण ते ज्या सौद्याच्या जोरावर निर्धास्त आले, त्या सौद्यात ती मुलगी हा मोबदला होता.

तिला दोन पर्याय दिले गेले. इसाबेलचा मुलगा तेव्हा एक वर्षाचा होता. तो मोठा होईपर्यंत नजरकैदेत थांबायचं, मग त्याची इच्छा झाली तर त्याच्याशी लग्न करायचं. किंवा मठात जायचं. ती सतरा वर्षांची होती. तिने मठ निवडला. नोव्हेंबर १४८० मध्ये कोइंब्राच्या सांता क्लारा मठात तिने व्रत घेतलं तेव्हा खात्री करून घ्यायला इसाबेलचा स्वतःचा धर्मगुरू हजर होता. जर ती खरोखर एका सरदाराची अनौरस पोर असती, आणि जिंकणाऱ्यांचा त्यावर विश्वास असता, तर तिच्याशी युवराजाचं लग्न लावायचं कलम तहात कशाला घातलं असतं? मला तरी या एका कलमापुढे बाकीचे पुरावे फिके वाटतात.

पोर्तुगालमध्ये तिला 'थोर बाईसाहेब' अशा अर्थाच्या किताबाने ओळखत. मठातून ती पुढे बाहेरही राहिली, लिस्बनच्या किल्ल्यात राहिली. आणि कागदावर सही करायची वेळ आली की शेवटपर्यंत एकच सही : 'यो ला रेइना'. मी, राणी.

हे सगळं आज उकरायचं कारण असं, की तो जुना रोमन नियम आपल्या कायद्यात जिवंत आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ११२, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ : वैध लग्नात, किंवा लग्न संपल्यावर २८० दिवसांच्या आत, आईने दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल औरस मानायचं. त्या काळात नवराबायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं असं दाखवलं तरच अपवाद. डीएनए चाचणी आल्यापासून हा नियम जुनाट ठरवण्याची घाई दिसते. विज्ञान हाताशी असताना कायद्याने डोळे का मिटायचे, हा प्रश्न बिनतोड वाटतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये एका प्रकरणात कायद्याच्या गृहीतकापेक्षा चाचणीला झुकतं माप दिलं होतं. ज्याच्यावर आयुष्यभराची पोटगी लादली जाते त्या माणसाची तक्रार खोटी म्हणता येत नाही, हेही खरं. पण २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने बजावलं, की नवराबायकोच्या भांडणात मुलाला प्यादं करू नका आणि अशी चाचणी सरसकट मागू नका. मला हा दुसरा विचार अधिक शहाणा वाटतो, कारण चाचणी मागणाऱ्याला बहुतेक वेळा बाप शोधायचा नसतो. घटस्फोट हवा असतो, पोटगी टाळायची असते, शेतीतला वाटा रोखायचा असतो. बुर्गोसच्या सरदारांनाही सान्तियागोचं पद हवं होतं.

एन्रिकेची हाडं ग्वादालुपेला आहेत. हुआना १५३० मध्ये लिस्बनला वारली, त्याच वर्षी पोर्तुगीजांनी आपल्या पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी गोव्यात आणली. तिला लिस्बनच्या सांता क्लारा मठात पुरलं होतं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात तो मठ कोसळला आणि तिची कबर ढिगाऱ्यात गेली. त्यामुळे डीएनए जुळवून बघायला काही उरलेलं नाही. बऱ्याच अभ्यासकांना याची हळहळ वाटते. मला वाटत नाही.